तारामतीचे हात

सुरतेत पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तिथे लागला होता. नाटकाचं तिकीट काढलं की सहा-सहा तास करमणूक होते, मग तासाभरात संपणाऱ्या हलत्या चित्रांना पैसे कोण देणार, असा थिएटरवाल्याचा सवाल. चित्र लांबवा, नाहीतर दर उतरवा, असं त्याचं म्हणणं. फाळक्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. गल्ला तिनावरून शेकड्यांत गेला.

चित्राची लांबी खरं तर ३,७०० फूट होती, म्हणजे पाऊण मैलही नाही. दोन मैल हा जाहिरातीतला वाढावा. फोटोंचं मात्र तसं नाही. त्या काळच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसत. ३,७०० फुटांच्या होतात ५९,२००. पाट्यांचे तुकडे वगैरे धरले तरी सत्तावन्न हजार हा आकडा बराचसा खराच. आणि त्या हजारो चौकटींपैकी जिथे जिथे राणी तारामती दिसते, तिथे तिथे ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला स्वयंपाकी उभा आहे. अण्णा साळुंके.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पहिली माणसं’. संपादकांनी फोनवर एवढंच बजावलं, की फाळक्यांवर पुष्कळ लिहून झालंय, त्यांच्या शेजारी कोण उभं होतं ते बघा. साळुंक्यांचं नाव तिथल्या तिथे ठरलं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ते एका ओळीपुरते येतात: भारतीय चित्रपटाची पहिली नायिका कोण, तर एक पुरुष. वाचणारा हसतो आणि पान उलटतो. त्या हसण्याचा मला फार दिवसांपासून राग आहे. अठराएक वर्षं चित्रपटाच्या धंद्यात टिकलेल्या माणसाचं काम गमतीच्या प्रश्नात संपतं, ते काम म्हणून कुणी बघतच नाही.

स्त्रीपार्ट हे काम नक्की कसं चालतं हे कागदावर कळत नाही. बघावं लागतं. महाराष्ट्रात ते अजून रोजच्या व्यवहारासारखं बघायला मिळतं अशा जागा आता थोड्या राहिल्या आहेत, त्यातली एक नंदुरबार जिल्ह्यात आहे. म्हणून सुरत-भुसावळ लाईनवरच्या नवापूरला उतरले. या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. उद्घोषणा ऐकत बसलं की भाषा बदलत राहतात. सुरतेचा तो तीन रुपयांचा गल्ला इथून फार लांब नाही.

ग्रँट रोडचं उपाहारगृह

१९१२ च्या एप्रिलमध्ये फाळके लंडनहून परतले ते विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवूनच. पैसा उभा करण्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. दादरच्या बंगल्यात काम सुरू झालं आणि नटांसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती गेल्या. आले ते बहुतेक कामाचे नव्हते. नाटकवाल्यांपैकी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, ते हरिश्चंद्र झाले. गजानन साने विश्वामित्र झाले. रोहिदासासाठी घरचाच मुलगा होता, भालचंद्र. अडलं ते तारामतीपाशी.

फाळके वेश्यावस्तीत जाऊन आले, तिथेही नकारच मिळाला. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं हे तिथल्या बायकांनाही आपल्या धंद्यापेक्षा हलकं वाटत होतं, असं सांगतात. सरस्वतीबाईंनाही विचारून झालं. पण पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक, फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं हे सगळं त्यांच्याच अंगावर होतं. त्या राणी झाल्या असत्या तर कारखाना बंद पडला असता.

मग नाटकातला एखादा नावाजलेला स्त्रीपार्टी का घेतला नाही? तो काळ तर त्यांचाच होता. १९१३ सालीच बालगंधर्वांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. मला वाटतं, उत्तर दोन ठिकाणी आहे. एक तर पैसा: चलती असलेला नट हातची कंपनी सोडून या अनोळखी उद्योगात कशाला येईल? दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. संगीत नाटकातली बाई गळ्यातून उभी राहायची. पद सुरू झालं की शालू, नथ, वय, देह सगळं मागे पडायचं. मूकपटात गळा कामाचाच नव्हता. तिथे उरतो चेहरा, चाल आणि हात.

फाळके मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईचं जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन, पुढे छायाचित्रण, रविवर्म्याच्या छापील चित्रांचं काम. बाई चित्रात कशी बसते हे त्या नजरेला पक्कं ठाऊक होतं. ग्रँट रोडच्या उपाहारगृहात त्या नजरेला साळुंके दिसले: सडपातळ अंग, नाजूक चेहरेपट्टी आणि लांबसडक हात. पगार दहा रुपये महिना. फाळक्यांनी पंधरा देऊ केले.

पाच रुपयांची वाढ. साळुंके ‘कलेकडे वळले’ वगैरे म्हणण्यापेक्षा हे पाच रुपये लक्षात ठेवावेत. एका कामगाराला दीडपट पगार मिळाला आणि त्यानं नोकरी बदलली.

सुपारीची रात्र

नवापूर तालुक्यातल्या आणि सीमेपलीकडच्या गुजराती गावांतून सोंगाड्या पार्ट्या फिरतात. पिकं निघाल्यापासून पाऊस लागेपर्यंत त्यांचा हंगाम. लग्न, जत्रा, नवस, कुठलंही निमित्त चालतं. आधी सुपारी ठरते, मग टेम्पोतून पेटी, ढोलकी, कॅसिओ, लाऊडस्पीकर आणि माणसं येतात. बोली मावची, मध्येच गुजराती, मध्येच मराठी, आणि गाण्याच्या चाली कुठल्याही. गण-गौळण-वगाची चौकट तमाशाची, आतला माल इथला. आता काही पार्ट्यांत मुलीही काम करतात. पण बायकी सोंग करणारा गडी अजून गेलेला नाही, आणि प्रेक्षक त्याचीच वाट बघत बसतात.

मी गेले ती उन्हाळ्यातली लग्नाची रात्र होती. खळ्यावर मंडप, पुढे पोरं जमिनीवर, मागे बाया खाटांवर. पार्टीचा टेम्पो मंडपाच्या पाठीमागे लावलेला, त्याचा मागचा फळका खाली सोडून ताडपत्रीचा आडोसा केलेला. आत एका बल्बखाली तिशीतला एक गडी दाढी करत होता. दिवसा तो शेतात मजुरी करतो, ऊसतोडीचा काळ आला की टोळीबरोबर गुजरातेत जातो. नाव छापू नका म्हणाला, म्हणून नाही छापत.

एकदा दाढी झाली. मग त्यानं गालावरून उलटा हात फिरवला आणि पुन्हा साबण लावला. या वेळी वस्तरा खालून वर. हनुवटीच्या खालचा भाग त्यानं तीनदा केला. बल्बचा उजेड वरून येतो, तिथेच खुंट चमकतात, हे त्याचं कारण. नंतर हात. मनगटापासून दंडापर्यंत. मग पांढरट लेप, गळ्यापर्यंत नाही तर कानामागेही. ब्लाऊजच्या बाह्या कोपराच्या खाली येणाऱ्या. साडीच्या निऱ्या तोंडात धरून त्यानं दोन्ही हातांनी कमरेची गाठ मारली, पिना टोचल्या, पदर असा घेतला की गळ्याची घाटी झाकली जावी. या सगळ्याला पाऊण तास गेला. त्यात तो कुणाशी हसला नाही, बायकी बोलला नाही. गवंडी ओळंबा लावतो तसा आरशात बघत होता.

माझ्या फोनवर ‘राजा हरिश्चंद्र’चा शिल्लक तुकडा होता, तो मी त्याला दाखवला. चार रिळांपैकी दोन पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत. ती १९१३ च्या मूळ चित्राची, की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. तुकड्यात कारंज्याच्या हौदात तारामती आणि तिच्या सख्या जलक्रीडा करतात, आणि हरिश्चंद्र तिला बोलवायला येतो. सगळ्या सख्या पुरुष, सगळ्यांची लुगडी ओलीचिंब.

त्या गड्यानं चेहरे पाहिलेच नाहीत. कोपरं पाहिली. बाईचा पार्ट करायचा तर कोपर अंगाला लागून पाहिजे, कोपर सुटलं की गडी दिसला. सख्यांपैकी कुणाकुणाची सुटतात ते त्यानं बोटानं दाखवलं. ओल्या लुगड्यात तर लपवायला काहीच जागा राहत नाही, तेव्हा ज्यानं हे केलं त्यानं अंग चोरायचा नीट सराव केला असणार, असं त्याचं मत. मग पडदा सरकवून तो मंडपात गेला, आणि पहिल्या पावलाला पोरांचा जो ओरडा उठला त्यात पेटीचा सूर बुडाला.

या मुलखाला पुरुषाच्या अंगावरच्या लुगड्याचं नवल नाही. सातपुड्यात होळीला गडी सोंगं घेतात. कुणी बुध्या होतो, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे. कुणी अंगभर राखेचे ठिपके काढतो. त्या मेळ्यात बाईचं सोंग असतंच. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला रात्रभर हे चालतं आणि ज्यांनी नवस केलाय ते दिवस पाळतात, ताप-थंडी असली तरी सोंग सोडत नाहीत. साळुंक्यांचा प्रेक्षकही असाच होता. पुरुष बाई झाला म्हणून तो खट्टू होत नव्हता. बाई नीट झाला नाही, तर होत होता.

मिशी, ऊन आणि काळं कुंकू

फाळक्यांच्या कारखान्यात पहिलं भांडण मिशीवरून झालं. बायकी काम करणाऱ्यांनी मिशी काढायची म्हटल्यावर माणसं अडून बसली, कारण मिशी उतरायची ती बाप गेल्यावर. समजूत घालण्यात फाळक्यांचे दिवस गेले. शिवाय शेजारीपाजारी विचारणार, तू करतोस काय? फिल्ममध्ये काम करतो म्हटलं तर घर भाड्यानं मिळायची मारामार. म्हणून हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे असं सांगा, असा सल्ला होता.

चित्रीकरण उन्हात. विजेचे दिवे नव्हतेच. ऊन चढलं की काम, ऊन कललं की बंद. त्यात फिल्म अशी की तिला लाल रंग दिसायचाच नाही. लाल ते काळं आणि निळं ते पांढरं उतरायचं. ओठ रंगवले तर काळे, गालाला लाली लावली तर डाग, उन्हानं रापलेली कातडी आणखी काळी. राणीच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा पडद्यावर काळ्या ठिपक्यासारखं. म्हणून चेहऱ्यांना पांढरा लेप चढवावा लागे, भर उन्हात, आणि घाम आला की तो फुटायचा. रंगभूमीवर तेलाच्या नाहीतर गॅसच्या उजेडात, वीस हातांवरून जे खपून जातं, ते इथे खपत नव्हतं.

रंगभूमीचा आणखी एक आधार इथे नव्हता. नाटकात बाई झालेला नट रात्रभर बाई राहतो, प्रवेशामागून प्रवेश अंगात मुरत जातो. इथे आज राजवाडा, उद्या रान, परवा पुन्हा राजवाडा, दोन मिनिटं रड आणि थांब. मूकपट असल्यानं दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारून ओरडून सांगायचा: आता मान फिरव, आता पोराकडे बघ. ऐकायचं आणि ऐकल्यासारखं दिसू द्यायचं नाही. तारामतीचं काम तर सगळं दुःखाचं. राज्य गेलं, नवरा दुरावला, पोर साप चावून मेलं, वर खुनाचा आळ. हे सगळं एका शब्दाशिवाय. साळुंके त्याआधी कधी रंगमंचावर उभे राहिले नव्हते, ही माझ्या दृष्टीने अडचण नव्हती, सोय होती. पल्लेदार हातवारे त्यांना विसरायचे नव्हते.

बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी वांगणीला गेली. मागून फाळके पोचायच्या आत ढाल-तलवारी घेतलेली ही टोळी बघून गावाला वाटलं दरोडेखोर आले. पाटलांनी सगळ्यांना पकडून ठेवलं. फाळक्यांनी येऊन कॅमेरा उघडून दाखवला, रिकाम्या कॅमेऱ्यासमोर एक प्रवेश करूनही दाखवला, तेव्हा सुटका झाली. तारामती त्या वेळी लुगड्यात होती की धोतरात, हे कुणी लिहून ठेवलं असतं तर!

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्र लोकांसाठी लागलं.

राम तोच, सीताही तोच

त्याच वर्षी फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ करायला घेतलं, आणि त्यात दोन बायका आल्या: पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत आणि मोहिनी म्हणून त्यांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले. इथून पुढे पुरुषाची गरज संपली, असा आपला समज होतो. तो बरोबर नाही. चार वर्षांनी, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये सीता झाले ते पुन्हा साळुंकेच. बाईनं एकदा पडद्यावर येणं आणि प्रत्येक चित्रासाठी बाई मिळणं यांत फार अंतर होतं. तमाशातही तसंच झालं होतं. पठ्ठे बापूरावांबरोबर पवळा फडावर उभी राहिली, तरी नाच्या पोऱ्या पुढे बराच काळ फडात होता.

‘लंकादहन’मध्ये साळुंके सीताही होते आणि रामही. आपल्याकडची ही पहिली दुहेरी भूमिका. हनुमान झाले गणपत शिंदे. कथेनंच बराच भार उचललाय: हरण झाल्यावर राम एकीकडे, सीता अशोकवनात, दोघं एका चौकटीत येण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. पण नटाचं काय? आज कोपर अंगाला लावायचं, उद्या धनुष्य ओढण्यासाठी तेच कोपर उघडायचं. मधल्या चार वर्षांत साळुंक्यांचं अंगही भरलं होतं. सीतेच्या दंडांचे पीळ दिसायचे, अशा आठवणी आहेत.

लोकांनी ते दंड पाहिले आणि तरी हात जोडले. मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ लावावे लागले. पडद्यावर राम आला की माणसं पायातल्या वहाणा काढत. मद्रासकडे तर जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असा किस्सा प्रसिद्ध आहे. ज्याच्यासाठी वहाणा निघत होत्या तो राम आणि जिच्यासाठी डोळे पुसले जात होते ती सीता, दोन्ही चेहरे ग्रँट रोडच्या त्या स्वयंपाक्याचेच. त्या वर्षी देशात त्यांच्याएवढा पाहिला गेलेला चेहरा दुसरा क्वचितच असेल, असं मी ठामपणे म्हणेन.

कॅमेऱ्याच्या मागे

१९१८ च्या पहिल्या दिवशी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्याच वर्षीच्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये आणि पुढच्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली: आता मुलगी पुरुषाच्या वेशात. मुंबई-कलकत्त्यात अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुली पडद्यावर आल्या, रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या आणि नट्यांचं युग सुरू झालं.

साळुंके यातून बाहेर फेकले गेले नाहीत. त्यांनी दुसरं काम शिकून घेतलं: ते कॅमेरा चालवू लागले. १९२० च्या दशकात त्यांचं नाव नटापेक्षा छायाचित्रकार म्हणूनच जास्त लागतं, आणि अशा चित्रपटांची संख्या त्यांनी काम केलेल्या चित्रपटांच्या कितीतरी पट भरते. माझ्या लेखी हीच त्यांच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट. त्या वेळचा कॅमेरा हातानं फिरवायचा. सेकंदाला दोन वेढे, एका वेढ्याला आठ चौकटी. घाई झाली की पडद्यावर माणसं रांगत चालल्यासारखी दिसायची, हात मंदावला की पळायची. समोर कितीही रडारड होवो, हाताची लय मोडता कामा नये. समोर उभं राहिलेल्या माणसाला काय दिसतं, ऊन कुठे टोचतं, कुठल्या बाजूला मान वळवली की गळा उघडा पडतो, हे त्यांना स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. त्या काळच्या किती छायाचित्रकारांना ही शिदोरी होती?

१९३१ च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. साळुंक्यांची नोंदही त्याच सुमारास थांबते. पण स्त्रीपार्टी नटांची गोष्ट तिथे थांबली नाही, फक्त त्यांचं लुगडं सुटलं. विष्णुपंत पागनीस नाटकांतून बायकी कामं करत आलेले. १९३६ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं त्यांना ‘संत तुकाराम’ केलं. त्यांच्या वागण्यातल्या बायकी मार्दवाबद्दल कंपनीत शंका होती, ती शेवटी बाजूला पडली, आणि तेच मार्दव तुकारामाच्या चेहऱ्यावर भक्ती होऊन उतरलं. केशवराव दात्यांनीही नाटकातली सुरुवात स्त्रीभूमिकांनीच केली. १९३७ च्या ‘कुंकू’तला म्हातारा वकील काकासाहेब बघताना त्या माणसाचं अवघडलेपण जे अंगावर येतं, ते खांदा आणि मान यांतून येतं, शब्दांतून कमी. मला त्यात जुना सराव दिसतो. उलट बालगंधर्वांनी त्याच वर्षी ‘साध्वी मीराबाई’मध्ये पडद्यावर लुगडं नेसून पाहिलं. गळा होता तोच, पण भिंग वीस हातांवर बसत नाही. चित्र चाललं नाही.

आणि तारामती? ती १९३२ मध्ये परत आली. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, कथा तीच हरिश्चंद्राची. गोविंदराव टेंबे राजा, आणि बाजारात उभी राहणारी राणी झाल्या दुर्गाबाई खोटे: सॉलिसिटर लाडांची मुलगी, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका वेश्यावस्तीतही कुणी घेत नव्हतं, ती मुंबईतल्या एका सुशिक्षित घरातल्या बाईनं स्वतःच्या नावानं केली, आणि मराठी-हिंदी दोन्ही भाषांत केली.